पाण्यात घातलेले पैसे

पहाटे साडेपाचला पंप तुंबला.
मग बादलीनं उपसायला लागलो:
स्वयंपाकघर, मागचं दार, परसातला लीकचा वाफा,
परत स्वयंपाकघर.
पाणी अजून कोमट.
बाहेरच्या गारठ्यात बादलीतून वाफ निघते,
रंग तांबूस, पातळ चहासारखा,
आणि टबाच्या तळाशी मेरेरिदचा केसांचा रबर.

गेथिन म्हणाला होता, पैसे पाण्यात घालतोयस.
बँगरचं हॉस्पिटल फुकट आहे,
बावीस मिनिटांवर आहे,
आणि तू मोटरसायकल विकून खाजगी सुईण लावतोस?
मी काही बोललो नाही.
मोटरसायकल तोवर गेलीही होती.

पहिल्या खेपेला बँगरलाच होतो.
सत्तावीस तासांत अकरा माणसं आली,
अकराही जणांनी तिला नाव विचारलं.
वाईट कुणीच नव्हतं.
कुणी थांबलं नाही, इतकंच.
घरी आल्यावर तिनं खुर्चीवर चढून
स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट काढून टाकली,
का ते मी विचारलं नाही
आणि चार वर्षं आम्ही पिवळ्या दिव्यात भांडी घासली.

देलिथ आली रात्री पावणेबाराला,
खिंडीतून, एकाच वायपरवर.
गाडीत मागे ऑक्सिजनची नळकांडी, कुत्र्याचं पांघरूण,
आणि दोन्हींच्या मधे तिची पेटी.
दारातच बूट काढले.
डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक.
"पाइप नळाला बसत नाही," मी रडकुंडीला येऊन म्हणालो.
तिनं सायकलची जुनी ट्यूब मागितली,
एक तुकडा कापला, गुंडाळला, घट्ट बांधला.
टब अर्धा भरला आणि बॉयलरमधलं गरम पाणी संपलं.
मग किटली. मग शेजारच्या कादीची किटली,
मग कादीचं जॅमचं पातेलं, मग स्वतः कादी,
नाइटगाउनवर नवऱ्याचा खाणीतला कोट घालून.

नंतर देलिथ कोपऱ्यात
हातावर हात ठेवून बसली.
खरंच तशी बसली.
मधूनमधून उठायची, पोटाला यंत्र लावून ठोके ऐकायची,
वहीत वेळ लिहायची, परत बसायची.
मेरेरिदच्या घशातून असा आवाज येत होता
जो मी फक्त गोठ्यात ऐकला होता.
मी देलिथकडे बघायचो: आता? आता काही?
ती मेरेरिदकडे बघायची.
आणि मेरेरिद कुणाकडेच नाही.

तीन वाजून दहा. डोकं आलं.
नुसतं डोकं, पाण्याखाली, डोळे मिटलेले,
केस शेवाळासारखे हलताहेत.
बाकीची अजून आत.
मी पाण्यात हात घातला.
देलिथनं माझं मनगट धरलं.
घट्ट. म्हातारीच्या मानानं फारच घट्ट.
"थांब. तिची ती येतेय."

फ्रीज घुरघुरायला लागला.
फ्रीज बंद झाला.
खाणीतल्या कामात मी सुरुंगाची वात पेटवून
पन्नासदा थांबलो असेन,
पण असा नाही.

मग पुढची कळ,
आणि मेरेरिदनं खाली हात घालून
स्वतःच तिला वर घेतलं.
निळी, चिकट, गप्प.
आधी डोळे उघडले, मग तोंड.
"झालीस गं मोकळी," देलिथ म्हणाली,
आणि पहिल्यांदाच चहा मागितला.

नाळेचे ठोके थांबेपर्यंत कापायची नाही म्हणाली.
मी दोन बोटांत धरून बसलो,
किती वेळ कोण जाणे.
गार पडलेला चहा कादीनं ओतून दिला
आणि नवा केला.

सहाला ओसियन जिना उतरला,
बहिणीकडे एकदा बघितलं, टबाकडे नीट बघितलं,
म्हणाला, आता मी बसू यात?

सातला गेथिनचा फोन.
मुलगी? बरं. दोघी बऱ्या? बरं.
मग सुईणीनं नेमकं काय केलं?

मी मागच्या दारात उभा, हातात बादली,
मनगटावर अजून चार बोटांचे वळ.
"तिच्या मोज्याला भोक होतं," मी म्हणालो.
तो काहीतरी विचारत राहिला.
अजून सहासात बादल्या असतील.
लीकना यंदा काही कमी पडणार नाही.